शाळेत एक पाळणा

अध्यक्ष, संयोजक आणि मंडळी,

पत्रिकेवर माझा विषय छापलाय, ‘शाळेतील पाळणाघर : कायदा, निधी आणि अंमलबजावणी’. हे नाव संयोजकांचं. ते वाचूनही इतके जण आलात, म्हणजे एक तर तुम्ही फार सोशिक आहात, नाहीतर शेवटी चहा आहे ही बातमी फुटलीय. कायदा, निधी, अंमलबजावणी, तिन्हींवर बोलणार आहे, काळजी नसावी. आधी थोडं मागचं सांगते.

बालविवाह म्हणजे काय हे मराठवाड्यातल्या सभागृहात सांगायची गरज नाही. २०१९ ते २१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी २१.९ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. बीड-परभणीकडे हाच आकडा चाळिशीच्या पुढे. आणि पंधरा ते एकोणीस वयाच्या मुलींपैकी ७.६ टक्के जणी त्या वेळी आई झालेल्या किंवा गरोदर होत्या. यावर आपण काय करतो? बालविवाह रोखण्याचा ठराव करतो. रोखलेच पाहिजेत. मीही मांडवात जाऊन शिव्या खाल्ल्यात. पण जे लग्न रोखता आलं नाही, त्यातल्या मुलीचं पुढे काय, हा विषय कुठल्याच टेबलावर येत नाही. बालविवाह थांबवायला ग्रामसेवक नेमलाय. झाल्यावर कुणी नाही.

झाल्यावर तिचा दाखला निघतो. मुख्याध्यापक म्हणून असे दाखले माझ्या सहीने निघालेत. त्यात एक रकाना असतो, ‘शाळा सोडण्याचे कारण’. तिथे दरवर्षी एकच वाक्य : पालकांच्या विनंतीवरून. वर्तणूक चांगली, प्रगती समाधानकारक. लग्न झालं असं लिहिलं तर वरून विचारणा येणार की तुम्ही कळवलं का नाही. म्हणून सगळ्यांच्या सोयीचं ते वाक्य. मुलगी फारच रडायला लागली तर तिला सांगायचं, बाळा, सतरा नंबर भर. बाहेरून बसायचा फॉर्म. मूल मांडीवर, पुस्तकं माळ्यावर आणि हिने सतरा नंबरने दहावी सुटायचं!

लग्न का लावतात हे आपल्याकडे लहान पोरही सांगेल. ऊसतोडीच्या मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, जोडीला मिळते. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा पोरगा म्हणजे अर्धा. शिवाय वयात आलेली पोर म्हाताऱ्यांच्या भरवशावर गावात ठेवायची भीती आणि फडावर न्यायची त्याहून भीती. दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात, त्याआधी आमच्या नववी-दहावीच्या वर्गात बाक रिकामे व्हायला लागतात.

पण माझं म्हणणं आहे की ही गळती लग्नाच्या फार आधी सुरू होते. पाचवी-सहावीचा हजेरीपट काढून बघा. आठवड्यातून दोन दिवस येणारी मुलगी उरलेले दिवस काय करते? धाकट्या भावाला सांभाळते. नवव्या वर्षी भाऊ कडेवर, सतराव्या वर्षी स्वतःचं मूल कडेवर. कड तीच. म्हणून मी पाळणाघर म्हणते तेव्हा फक्त लग्न झालेल्या मुलींचं म्हणत नाही. जिच्या जिच्या कडेवर मूल आहे, तिचं म्हणते.

ही माझ्या डोक्यातून निघालेली कल्पना नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्रामीण मुलांसाठी काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांना तिथेच येऊन मिळाल्या, आणि पुढे दोघी डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. वारली आदिवासींची वस्ती. शाळा उघडली, मुलं येईनात. मोठी मुलं गुरांमागे, मुली भावंडांमागे. आपण असतो तर काय केलं असतं? पालकांचं प्रबोधन! पथनाट्य, प्रभातफेरी, फलक. या बायकांनी गुरं चरतात तिथे शाळा नेली, तिला कुरणशाळा म्हटलं. पाड्यातल्या अंगणात नेली, ती अंगणवाडी. आणि पाळणाघर, बालवाडी, प्राथमिक शाळा एकाच छपराखाली आणली, ती विकासवाडी. मुलीने भावंड घेऊनच यायचं, ते पाळणाघरात सोडायचं आणि आपल्या वर्गात जाऊन बसायचं. अनुताईंचं स्वतःचं लग्न तेराव्या वर्षी झालं होतं, काही महिन्यांतच वैधव्य आलं, पुढे नोकरी करत रात्रशाळेतून त्या मॅट्रिक झाल्या. मुलगी शाळेपर्यंत का पोचत नाही हे त्यांना कुठल्या अहवालात वाचावं लागलं नसणार.

त्यातली अंगणवाडी देशभर गेली. १९७५ च्या २ ऑक्टोबरला एकात्मिक बालविकास योजना आली, गावोगावी अंगणवाडी झाली, फार चांगलं झालं. पण शाळा एका खात्याकडे आणि अंगणवाडी दुसऱ्या खात्याकडे. एकाच छपराखालचं जे होतं त्याची वाटणी झाली, आणि वाटणीत पाळणा कुणाच्याच वाट्याला आला नाही.

हे मी कशावरून म्हणते ते ऐका. आमच्या हायस्कुलात प्रयोगशाळेला लागून एक अडगळीची खोली होती. फुटकी चंचुपात्रं, जुने नकाशे आणि एक हात नसलेला सांगाडा. मी ठरवलं, इथे पाळणाघर करायचं. पहिली पायरी संस्थेचे सचिव. सज्जन माणूस. म्हणाले, “मॅडम, शाळेत पाळणा? आपल्या संस्कृतीत बसत नाही.” मी म्हटलं, पुण्यात १८६३ साली जोतीरावांनी आणि सावित्रीबाईंनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं होतं, फसलेल्या विधवांनी यावं, सुखरूप बाळंत व्हावं म्हणून. तिथे जन्मलेला यशवंत त्यांनी दत्तक घेतला, शिकवून डॉक्टर केला. दर ३ जानेवारीला आपण सावित्रीबाईंच्या फोटोला हार घालता, अर्धा तास बोलता. सचिव म्हणाले, “ते वेगळं.” कसं वेगळं? “ते इतिहासात आहे.”

तरी त्यांनी अर्ज पुढे पाठवला. शिक्षण खात्याच्या कार्यालयातून उत्तर आलं, सहा वर्षांखालील बालकांचा विषय या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही. बरोबर आहे. मी बालविकासच्या कार्यालयात गेले. तिथल्या साहेबांनी चहा दिला आणि सांगितलं, माध्यमिक शाळेची इमारत आमच्याकडे येत नाही, अंगणवाडीच्या इमारतीत करत असाल तर बघू. आमच्या गावची अंगणवाडी समाजमंदिरात भरायची आणि समाजमंदिरात लग्न असलं की झाडाखाली. मी पुन्हा शिक्षणवाल्यांकडे. या वेळी तिथे नवीन साहेब. त्यांनी विचारलं, “या मुलांची यू-डायसला, म्हणजे शाळांच्या सरकारी माहितीप्रणालीत, नोंद कशी करणार?” मी म्हटलं, नऊ महिन्यांचं आहे साहेब, कुठल्या इयत्तेत टाकू? ते हसले नाहीत. तुम्ही हसलात, आभारी आहे.

कागद असा फिरत राहिला. शेवटी एक पत्र आलं, ते मी अजून जपून ठेवलंय : ‘सदर प्रकरणी आपल्या स्तरावर नियमोचित कार्यवाही करावी.’ शासकीय मराठीत याचा अर्थ, आम्हाला परत विचारू नका. इथे बसलेले कर्मचारी मान डोलवतायत. मी ते पत्र सचिवांपुढे ठेवलं आणि म्हटलं, परवानगी आली. आपला स्तर, आपली कार्यवाही. सांगाडा स्टाफरूममध्ये हलवला, तिथे तो कुणाला वेगळा वाटला नाही. खोलीला चुना मारला, सतरंजी टाकली, छताच्या लोखंडी कडीला जुन्या लुगड्यांच्या दोन झोळ्या बांधल्या. आमच्या निवृत्त शिपायाची बायको सांभाळायला आली. तिचे पैसे शिक्षकांनी वर्गणी काढून दिले, काहींनी कुरकुरत.

पहिलं मूल कुणाचं आलं असेल? आमच्याच विज्ञानाच्या मॅडमचं. सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. दुसरं-तिसरं आलं ते सातवीतल्या दोन बहिणींच्या कडेवरून. आणि दिवाळीनंतर एक मुलगी आली, तिचा दाखला आदल्याच वर्षी निघाला होता. ती स्वतःहून आली नाही. तिची सासू घेऊन आली. मला वाटलं भांडायला आली असेल. सासू म्हणाली, “पोराला दिवसभर तुम्ही बघणार म्हणता, खरं का?” तिचा हिशेब रोकडा होता. सून घरी बसली तरी नातू सासूच्याच गळ्यात, कारण सून पाणी, धुणं, शेरडं यात. सून शाळेत आणि नातू झोळीत, म्हणजे सासू खुरपणीला मोकळी. शिक्षणाच्या हक्काबद्दल मी त्या गावात पुष्कळ भाषणं केली होती. पोरगी शाळेत आणली सासूच्या रोजगाराने.

ती मुलगी तिसऱ्या तासानंतर बाळाला पाजायला जायची. गणिताच्या सरांनी तक्रार केली, त्रिकोणमिती अर्धी टाकून जाते म्हणून. मी म्हटलं, सर, तासांची अदलाबदल करा. केली. वेळापत्रकात एवढाच फरक पडला.

मग तपासणी आली. साहेबांनी खोलीत डोकावून विचारलं, “ही मुलं पटावर आहेत का?” मावशी म्हणाल्या, “नाही साहेब, सतरंजीवर आहेत.” शेरा असा आला की पोषण आहाराचा तांदूळ पटाबाहेरील लाभार्थ्यांना दिला जात असल्याची शक्यता पडताळावी. त्यातल्या दोघांना दातही आले नव्हते. खुलासा देण्यात…

चिठ्ठी आलीय. ‘दहा मिनिटं’ आणि पुढे उद्गारचिन्ह. बरं. कायदा, निधी, अंमलबजावणी.

कायदा. लग्न झालेल्या किंवा आई झालेल्या मुलीला शाळेत घेऊ नका असा नियम आपल्याकडे नाही. टांझानियात गरोदर मुलींना शाळाबंदी होती, ती २०२१ मध्ये उठली. आपल्याकडे बंदीच नाही, त्यामुळे उठवायला काही सापडत नाही. मुलगी आपोआप घरी. अमेरिकेत १९७२ च्या टायटल नाइन कायद्याखाली गरोदर विद्यार्थिनीला काढता येत नाही आणि तिथल्या काही हायस्कुलांतच मुलींच्या बाळांची पाळणाघरं चालतात. आपला २००९ चा शिक्षणहक्क कायदा सहा ते चौदा वयासाठी, म्हणजे आठवीपर्यंत. नेमकी नववी-दहावी उघड्यावर. त्यात बोर्डाची ७५ टक्के हजेरीची अट; बाळंतपण धरलं तर ती गणितात बसतच नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ मध्ये विद्यार्थिनींच्या प्रसूती रजेबद्दल विद्यापीठांना कळवलं, केरळने २०२३ मध्ये अठरा पूर्ण झालेल्या विद्यार्थिनींना साठ दिवस दिले. शाळेतल्या मुलीचं नाव कुणी काढत नाही, कारण ती कागदावर असूच शकत नाही.

आणि पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा. २०१७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर अठराच्या आतल्या बायकोशी संबंध हा बलात्कारच. मला तो निकाल पूर्ण मान्य आहे. पण पोलिसांना कळवणं डॉक्टरवर बंधनकारक असल्यामुळे सतरा वर्षांची गरोदर मुलगी दवाखान्यात वय एकोणीस सांगते, नाहीतर जातच नाही. शाळेत आली तर नवरा आत जाईल या भीतीने शाळेतही येत नाही. यावर उपाय विचारलात तर एकच सांगते : तालुक्याला एक बाल संरक्षणाचा माणूस असावा, जो आधी मुलीचं ऐकून घेईल आणि मग पोलिसांशी बोलेल. कळवणं टळणार नाही. कळवताना तिच्या बाजूला कुणी उभं असेल.

निधी. केंद्र सरकारच्या मिशन शक्तीखाली ‘पाळणा’ योजना आहे, २०२२ पासून. सहा महिने ते सहा वर्षांची मुलं, एका केंद्रात पंचवीसपर्यंत, एक सेविका, एक मदतनीस, महिन्याचे सव्वीस दिवस, रोज साडेसात तास. केंद्र ६०, राज्य ४० टक्के. साडेसात तास ऐकलंत ना? अंगणवाडी दुपारी बंद होते, हायस्कूल पाचपर्यंत. तेव्हा नवी योजना मागूच नका. हे केंद्र माध्यमिक शाळेच्या आवारात भरवायला परवानगी द्या आणि लाभार्थ्यांत ‘शिकणारी आई, शिकणारी बहीण’ हे शब्द स्पष्ट घाला. एक ओळीचं शुद्धिपत्रक.

अंमलबजावणी. खोली तळमजल्यावर, पाण्याजवळ, वर्गापासून थोडी लांब. वेळापत्रकात पाजायची वेळ. गाळप हंगामात, म्हणजे नोव्हेंबर ते मार्च, मुलं वाढतात, तेव्हा दुसरी मदतनीस. आशाताईंनी महिन्यातून एकदा येऊन वजनं घ्यावीत.

एक आक्षेप राहिला : पाळणा बघून बाकीच्या मुलींना मोह होईल. ज्यांना असं वाटतं त्यांनी दुपारी दोन वाजता, चार मुलं एकदम रडत असताना त्या खोलीशेजारी इतिहासाचा तास घेऊन बघावा. आमच्या दहावीच्या मुली म्हणायच्या, मॅडम, आधी नोकरी, मग बघू.

आता प्रश्न घेऊ. ‘लंगोट कोण धुणार’ हा प्रश्न प्रत्येक सभेत येतो, त्याचं उत्तर देऊन टाकते. जिचं मूल तिने, सुट्टीत, साबण शाळेचा. विज्ञानाच्या मॅडमच्या बाळाचे त्यांचे यजमान धुवायचे. यजमान म्हणजे आमचे गणिताचे सर. हौदावर, दहावी ‘ब’च्या पोरांसमोर. पोरं पहिल्या दिवशी खिदळली; नंतर बादली भरून द्यायला लागली. विचारा, कुणाचा हात वर आहे?