सतरा दिवस नेपाळ, आणि मग घर

सलाम सगळ्यांना. आत या, मागे जागा आहे अजून, दाराशी उभं राहू नका.

पाळकसाहेब म्हणाले, यंदा तरुण संघातले अकरा जण मे महिन्यात नेपाळला चाललेत, तू जाऊन आलीयेस तर त्यांना तयारीचं सांग. तर बॅगेचं आधी उरकून टाकते. टॉर्च, ओआरएस, रेनकोट आणि कामाचे जाड हातमोजे, कापडी नको, चामड्याचेच घ्या. मनमाडहून गोरखपूरची गाडी, तिथून सोनौली बॉर्डर, पुढे बस. पासपोर्ट लागत नाही आपल्याला, मतदान कार्ड चालतं. बॉर्डर ओलांडली की घड्याळ पंधरा मिनिटं पुढे करायचं. झालं. मला खरं बोलायचंय ते परत येण्याबद्दल, कारण आम्ही गेलो तेव्हा त्याच्याबद्दल कुणी एक शब्द बोललं नव्हतं आणि मला त्याचा फार त्रास झाला.

2015 ची गोष्ट. मी वीस वर्षांची, एस. वाय. ची परीक्षा नुकतीच संपलेली. 25 एप्रिलला नेपाळात भूकंप झाला, 7.8 चा. तो शनिवार होता आणि वेळ 11 वाजून 56 मिनिटं. आता हे लक्षात घ्या की नेपाळात तेव्हा आठवड्याची सुटी रविवारी नसायची, शनिवारी असायची, त्यामुळे तिथल्या मंडळ्यांची, म्हणजे चर्चची, उपासना पण शनिवारीच. म्हणजे लोक बरोब्बर उपासनेत बसलेले होते आणि वरून इमारत खाली आली, बऱ्याच मंडळ्यांत असं झालं. आणि त्याच शनिवारमुळे शाळा बंद होत्या, हजारो शाळा पडल्या पण आत मुलं नव्हती. तिथल्या एका ताईने मला हे सांगितलं तेव्हा तिचा भाऊ उपासनेत वारलेला होता आणि तिची दोन्ही मुलं शाळा नसल्यामुळे वाचलेली होती, आणि ती हे दोन्ही एकाच दमात सांगत होती, त्यावर मी काय बोलणार? तिचा हात धरून बसले फक्त.

मग 12 मे ला दुसरा मोठा धक्का आला, 7.3 चा. दोन्ही मिळून नऊ हजारांच्या आसपास माणसं गेली आणि त्यातली साडेतीन हजारांच्या घरात एकट्या सिंधुपाल्चोक जिल्ह्यातली. आम्ही तिथेच गेलो, मेच्या शेवटी, आपल्या मंडळीतले नऊ जण. पैसे लोकांनीच दिले. माझ्या आजीने पेन्शनमधले पाचशे रुपये पाकिटात घालून दिले आणि पाकिटावर लिहिलं, पत्र्यासाठी.

पत्र्यासाठीच, कारण काम तेच होतं. पावसाळा दोन आठवड्यांवर आला होता आणि लोक ताडपत्रीखाली. सरकारने तात्पुरत्या निवाऱ्यासाठी घरटी पंधरा हजार नेपाळी रुपये जाहीर केले होते, पण पत्रा वर डोंगरात पोचणार कसा, रस्तेच खचलेले. जस्तापाता म्हणतात ते लोक, जस्ताच्या पत्र्याला. काठमांडूहून दोलालघाट, तिथून वर चौतारा, आणि चौताऱ्यापासून पुढे दोन तास चालत. पत्र्याचे बंडल दोघांनी पुढे-मागे धरून न्यायचे, पत्र्याची कड हातात रुतते, म्हणून हातमोजे म्हणाले मी, माझ्या उजव्या तळव्यावर अजून पांढरी रेघ आहे. तिथल्या बायका तेच बंडल कपाळाला पट्टा लावून पाठीवर एकट्या नेत होत्या. नाम्लो म्हणतात त्या पट्ट्याला. आणि मध्ये मध्ये पिंपळाखाली दगडाचा पार असतो, बरोबर पाठीच्या उंचीचा, ओझं न उतरवता टेकवता यावं असा बांधलेला. त्या पाराला म्हणतात चौतारा. गावाचं नाव पण तेच.

तिथले पास्टर दाइ, दाइ म्हणजे मोठा भाऊ, त्यांनी पहिल्याच संध्याकाळी आम्हाला तीन गोष्टी सांगितल्या. एक, पत्रा सगळ्यांना, यादी गावाने केलेली आहे, त्यात ख्रिस्ती कोण हे बघायचं नाही. दोन, पत्रिका वाटायच्या नाहीत, पत्र्याबरोबर तर नाहीच नाही. तीन, देताना फोटो नाही. नेपाळात दुसऱ्याचा धर्म बदलवणं हा गुन्हा आहे, तेव्हाही होता आणि त्याच वर्षी सप्टेंबरात आलेल्या नव्या घटनेतही ते लिहिलं गेलं, पण दाइ कायद्याचं बोलत नव्हते. ते म्हणाले, ज्याचं घर पडलंय तो माणूस आत्ता कशालाही हो म्हणेल, त्याच्या त्या हो ला काही किंमत नाही आणि ते घेणं पाप आहे. मला हे पटतं, शंभर टक्के पटतं. प्रभूने दहा कुष्ठरोग्यांना बरं केलं, परत एकच आला, बाकी नऊ जणांचा आजार काही त्याने परत लावला नाही.

एक आमा होत्या, आमा म्हणजे आई, म्हातारीला पण तसंच म्हणतात. एकट्या. घर दगड-मातीचं, पूर्ण बसलेलं. आम्ही चौघं त्यांचा निवारा उभारत होतो, बांबू वाकवायचे आणि वरून पत्रा. आमा त्या ढिगाऱ्यात हात घालून काहीतरी शोधत होत्या, सकाळपासून. मला वाटलं दागिना असेल किंवा कागदपत्रं. दुपारी त्यांनी एक चेपलेला डबा काढला, त्यात मका. माती वेगळी केली फुंकून फुंकून, तीन दगडांवर कढई ठेवली, मका भाजला आणि आम्हाला चौघांना ओंजळ ओंजळ वाढला. बस न नानी, असं म्हणाल्या, बस गं पोरी. मी म्हटलं नको, तुम्हाला राहू दे. मला वाटलं मी चांगलं वागतेय! त्यांचा चेहरा एकदम पडला. आमच्यातला एक मोठा मुलगा हळूच म्हणाला, खा, त्या सकाळपासून हेच शोधत होत्या.

मग खाल्लं. धूर लागलेला, थोडी माती लागत होती दाताखाली.

लूकच्या दहाव्या अध्यायात प्रभू सत्तर जणांना पाठवतो ना, तेव्हा थैली घेऊ नका, झोळी घेऊ नका म्हणतो आणि पुढे म्हणतो, जे तुमच्यापुढे वाढतील ते खा. शब्बाथ शाळेपासून वाचलंय मी ते आणि मला नेहमी वाटायचं हे साधेपणाबद्दल आहे. पण तो त्यांना रिकाम्या हाताने पाठवत होता म्हणजे त्यांना कुणाच्या तरी घरी मागावं लागणार, कुणाच्या तरी ताटात जेवावं लागणार. आम्ही पत्रे घेऊन गेलो होतो, आम्हाला मागायची वेळच येणार नव्हती. ती आमांनी आणली. तिथे पाहुणं व्हा, एवढंच माझं तुम्हाला सांगणं आहे जाण्याबद्दल. ढिंडो वाढतील, नाचणीच्या उकडीसारखा असतो, तो खा. दुसऱ्यांदा वाढला तरी खा.

आता परत येण्याचं.

आपण नगरचे लोक मिशनच्या गोष्टी ऐकतच मोठे झालोय. पण त्या सगळ्या गोष्टी आठवून बघा, त्यात परत येणं आहे का कुठे? 1812 ला अमेरिकेतून मिशनऱ्यांची जी पहिली तुकडी निघाली त्यात हॅरिएट न्यूएल होती, 18 वर्षांची, आपल्या संघातल्या कुणाच्याही वयाची. कंपनी सरकारने तिला भारतात राहू दिलं नाही, मॉरिशसकडे जाताना बोटीवर बाळ झालं, ते गेलं आणि नोव्हेंबरात तीही मॉरिशसलाच वारली. गॉर्डन हॉल 1813 ला मुंबईत उतरले आणि 1826 ला नाशिककडे दौऱ्यावर असताना कॉलऱ्याने वारले. सिंथिया फरार बाई, ज्यांच्याकडे आपल्या नगरमध्ये सावित्रीबाई फुले शिक्षिकेचं प्रशिक्षण घ्यायला आल्या होत्या, त्या 1827 ला आल्या आणि 1862 ला इथेच नगरात गेल्या. पस्तीस वर्षं! त्यांचं जाणं म्हणजे जाणंच होतं. आम्ही सतरा दिवसांसाठी गेलो आणि मनात मात्र त्यांचीच चित्रं घेऊन गेलो, मग परत आल्यावर आपण कोण हे कळायला काही मार्गच राहत नाही.

एक पंडिता रमाबाई आहेत. 1883 ला इंग्लंडला गेल्या, तिथून 1886 ला अमेरिकेला, आणि 1889 च्या मार्चमध्ये मुंबईत शारदा सदन उघडलं. तिकडे जे काही पाहिलं, जमवलं, ते घेऊन त्या इथल्या विधवा मुलींकडे आल्या, आणि 1896-97 च्या दुष्काळात मुलींना आणायला स्वतः मध्य प्रांतात गेल्या. माझ्यासारखीला धरायला तेवढं एकच उदाहरण सापडलं, आणि तेही फार नंतर.

कारण तेव्हा झालं असं की जूनच्या मध्यावर मी घरी आले आणि दुसऱ्याच रविवारी मंडळीत रिपोर्ट. प्रोजेक्टर, फोटो, किती पत्रे, किती घरं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, बऱ्याच बायका रडल्या आणि मी पण आकडे सांगत राहिले. आमांच्या मक्याचं सांगितलंच नाही, कारण त्यात आम्ही घेतलं होतं, दिलं नव्हतं. आणि एक चूक मी आज इथे कबूल करते, दाइंनी सांगूनही मी एका लहान मुलीचा फोटो काढला होता, शेंबूड वाहतोय, मागे पडलेलं घर, तो मी फेसबुकवर टाकला आणि दीडशे लाइक आले. तिच्या आईला विचारलं नव्हतं. नंतर काढून टाकला, पण ज्यांनी पाहायचा त्यांनी पाहिलाच.

घरात तर मी असह्य झाले होते. ताटात भात उरला की आईवर ओरडायची. मामेबहिणीच्या लग्नाची खरेदी चालली होती, तिला म्हटलं तुला लाज वाटत नाही का, ती बिचारी रडली. रात्री पंखा हलला तरी उठून दारात जायची. मला वाटायचं मी फार आध्यात्मिक झालेय आणि बाकी सगळे झोपलेत. तसं नव्हतं, मी थकले होते, घाबरलेले होते आणि माझं ओझं टेकवायला पार नव्हता. प्रेषित फिरून परत आले, त्यांनी काय काय केलं ते सांगितलं, तेव्हा येशूने त्यांना लगेच पुढच्या गावाला पाठवलं नाही, एकांतात चला आणि थोडा विसावा घ्या म्हणाला. मार्कचा सहावा अध्याय. म्हणून मी पाळकसाहेबांना विनंती केलीये की हे अकरा जण परत आले की पहिले पंधरा दिवस रिपोर्ट नको, प्रोजेक्टर नको. त्यांना जेवायला बोलवा, दोघं-दोघं, आणि बोलू द्या.

माझ्या बाबतीत ते पप्पांनी केलं. एका रात्री मी अशीच ओट्यावर बसलेले, ते चहा घेऊन आले आणि म्हणाले, भिंती कशाच्या होत्या? म्हटलं दगड आणि माती. जाड? हो, जाड. म्हणाले, किल्लारीला पण तशाच होत्या. मला माहीतच नव्हतं की ते गेले होते! 1993, 30 सप्टेंबर, पहाटे चारच्या सुमाराला, आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, लोक गाढ झोपेत आणि वरून माळवदाची माती. पप्पा तेव्हा बावीस वर्षांचे, मंडळीच्या टेम्पोतून गेले होते, आठ दिवस ढिगारे उपसले. परत आल्यावर वर्षभर ते घरात छताखाली झोपले नाहीत, अंगणात झोपायचे आणि त्यांना वाटायचं आपल्यात काहीतरी कमी आहे, विश्वास कमी आहे. बावीस वर्षांत पहिल्यांदा कुणाशी तरी बोलत होते. दीड-दोन तास बोललो आम्ही.

आणि बोलत असतानाच गल्लीत शिट्टी वाजली. तुमच्याही गल्लीत वाजते. रात्री काठी आपटत जातो तो गुरखा, महिन्याला तीस रुपये घ्यायला येतो तो. मी लहान असल्यापासून तो येतोय आणि आम्ही सगळे त्याला बहादूर म्हणतो. मी उठून फाटकाशी गेले आणि मोडक्या नेपाळीत विचारलं, दाइ, घर कहाँ हो? तो माणूस थांबला. इतका वेळ बघत राहिला माझ्याकडे. मग म्हणाला, अछाम. पार पश्चिमेकडचा जिल्हा आहे, आपल्याकडे पुण्या-मुंबईला तिथले खूप लोक आहेत. तिकडे घरं पडली नव्हती, पण एप्रिलपासून त्याला एकानेही विचारलं नव्हतं की तुझी माणसं बरी आहेत का. आम्ही मंडळीत नेपाळसाठी दीड महिना प्रार्थना केली, दानार्पण गोळा केलं, ट्रेनने, बसने, चालत सिंधुपाल्चोकपर्यंत गेलो आणि हा रोज रात्री आमच्या फाटकासमोरून जात होता. त्याचं नाव बहादूर नाहीये.

गरसेकरांच्या प्रदेशातल्या त्या भूतग्रस्त माणसाची गोष्ट आठवते का, बरा झाल्यावर तो येशूला विनवतो की मला तुझ्याबरोबर येऊ दे, आणि येशू त्याला बोटीत घेत नाही, घरी तुझ्या माणसांकडे जा म्हणतो. मला लहानपणी त्या माणसाची दया यायची. आता नाही येत.

या आपल्या गल्लीतल्या दाइंची बायको पुढच्या वर्षी आली, मुलीला घेऊन. शाळेच्या अॅडमिशनला जन्माचा दाखला, आधार, काहीच नाही, एका शाळेने तर फाटकातूनच परत पाठवलं, त्यात माझे तीन महिने गेले आणि दुसऱ्या शाळेत शेवटी झालं. ती आता सातवीत आहे, मराठी माझ्यापेक्षा शुद्ध लिहिते. उपासनेला येतात का असं मला दर वेळी कुणीतरी विचारतं. कधी नाताळला येतात, जेवायला. आम्ही दसऱ्याला त्यांच्याकडे जातो, टीकाचं, म्हणजे कपाळाला टिळा लावून घ्यायचं, आमंत्रण असतं, मटण फार छान करते वहिनी.

तर तुम्ही अकरा जण, नेपाळी शिकायला दाइ स्वतः तयार झालेत. येत्या रविवारपासून चार रविवार, उपासनेनंतर मागच्या खोलीत, साडेअकरा वाजता. लिपी आपलीच आहे, वाचता लगेच येईल, बोलायला वेळ लागतो. वही आणा. ते रात्रभर फिरून तसेच येणार आहेत, तेव्हा कुणीतरी आधी चहा टाकून ठेवा.