परवान्यावरून नंबर उतरेपर्यंत

(दृश्य: नागपूर, लक्ष्मीनगर. जुनं बैठं घर, दुपारची वेळ. कूलरची घरघर.)

लोखंडी कपाट उघडलं की आधी डांबरगोळ्यांचा वास येतो. वरच्या खणात, लग्नाच्या शालूखाली, जांभळी मखमली पिशवी आहे. काकाजी पिशवीला हात लावण्याआधी नातवंडांना अंगणात पाठवतात आणि काकूंना दार लोटून घ्यायला सांगतात. मग रिव्हॉल्व्हर बाहेर येतं. तोंड भिंतीकडे, बोट घोड्यापासून लांब. चक्री बाजूला काढली की सहाही घरं रिकामी दिसतात. काकाजींना दिसण्यावर भागत नाही, प्रत्येक घरात करंगळीचं टोक घालून ते पुन्हा एकदा पाहतात. काडतुसं या खोलीत नाहीतच. त्यांचं कुलूप वेगळं, किल्ली वेगळी.

.३२ बोअर (बोअर म्हणजे नळीच्या आतल्या पोकळीचं माप), कानपूरच्या सरकारी कारखान्यातलं. काटोलकडे संत्र्याचा बगीचा होता. बहार विकला की व्यापाऱ्यानं दिलेली रोकड घेऊन रात्री-बेरात्री यावं लागायचं, म्हणून परवाना काढला. पुढे बगीचा गेला, पैसा बँकेतून फिरू लागला. त्यानंतर हे शस्त्र कपाटाबाहेर निघालं ते परवान्याच्या नूतनीकरणासाठी, नाहीतर निवडणुकीत ठाण्यात जमा करायला.

"आता नाही ठेवायचं मले घरात," काकाजी सांगतात. "लेकरं मोठी होऊन राहिली. चाबी कुठं असते, ते त्याइले माहीत झालं."

ओळखीतल्या एकानं लगेच तोडगा काढला होता. "माह्या साळ्याले पाहिजेच आहे. आज नेतो, परवान्याचं मंग पाहू." काकाजींनी त्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं.

फार बरं केलं. कारण परवान्याचं शस्त्र विकण्याच्या व्यवहारात 'मग पाहू' असं काही नसतं.

(दृश्य: टेबलावर परवान्याचं पुस्तक. शिक्क्यांनी भरलेली पानं.)

शस्त्र अधिनियम १९५९ मधलं कलम ५ वाचताना बहुतेक जण अर्ध्यावर थांबतात. शस्त्रांच्या विक्रीला परवाना लागतो, एवढंच डोक्यात राहतं. पण त्याच कलमात पुढे परवानाधारकाला एक मुभा दिली आहे. स्वतःच्या वापरासाठी कायदेशीरपणे बाळगलेलं शस्त्र विकायला त्याला दुकानदाराचा परवाना काढावा लागत नाही. मात्र आधी लेखी कळवावं लागतं, जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याला. त्या पत्रात विकत घेणाऱ्याचं नाव आणि पत्ता हवा. म्हणजे 'मला विकायचं आहे' एवढं लिहून चालत नाही, कोणाला विकायचं हेही सांगायचं. आणि पत्र दिल्यावर ४५ दिवस थांबायचं. त्याआधी शस्त्र हातातून सोडायचं नाही.

हे ४५ दिवस अनेकांना जाचक वाटतात. मला ते या कायद्यातलं सगळ्यात शहाणं कलम वाटतं. घेणारा माणूस कोण, त्याच्यावर गुन्हे आहेत का, त्याचा परवाना खरा आणि चालू आहे का, हे तपासायला पोलिसांना वेळ हवा. विकणाऱ्यालाही या काळात दोन वेळा विचार करता येतो.

नागपूर शहराच्या हद्दीत शस्त्र परवान्याचे अधिकार पोलीस आयुक्तांकडे आहेत. काटोल, सावनेर, रामटेक, उमरेडकडच्या माणसाला जिल्हादंडाधिकारी, म्हणजे जिल्हाधिकारी कार्यालयाचा रस्ता धरावा लागतो. शहराच्या काठावर राहणाऱ्यांनी आपलं ठाणं आयुक्तालयात येतं की ग्रामीणमध्ये, ते आधी विचारून घ्यावं. उगाच चकरा वाचतात.

काकाजींनी अर्जाच्या दोन प्रती नेल्या. एक टेबलावर ठेवली, दुसरीवर आवक क्रमांक आणि तारखेचा गोल शिक्का घेतला. शाई वाळेपर्यंत कागद घडी न करता हातात धरून ते बाहेर आले. ४५ दिवस मोजायचे ते या शिक्क्यापासून. तोंडी सांगितलं, साहेब हो म्हणाले, याला काही अर्थ नाही.

आता घेणारा. त्याचा मूळ परवाना हातात घेऊन पाहायचा. मोबाइलवरचा फोटो चालवून घ्यायचा नाही. परवान्यावर युनिक आयडेंटिफिकेशन नंबर, म्हणजे यूआयएन, आहे का? मुदत संपली तर नाही ना? त्यात रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल घेण्याची नोंद आहे, की नुसत्या बारा बोअरची? त्याच्याकडे आधीच किती शस्त्रं आहेत? डिसेंबर २०१९ च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण परवानाधारकाला दोनच बंदुका ठेवता येतात, त्याआधी तीन चालायच्या. दोन्ही जागा भरलेल्या असतील तर तो घेऊच शकत नाही, माणूस कितीही भला असो. २१ वर्षांखालच्याला विकता येत नाही. हिंसेच्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्यांनाही कायद्यानं मनाई आहे. ९ मिलिमीटरसारख्या मनाई असलेल्या बोअरचा मामला वेगळाच, तो केंद्रीय गृह मंत्रालयापर्यंत जातो.

कागद सगळे ठीक आहेत, पण मन मानत नाही, असंही होतं. समोरचा फार घाई करतो, घरच्यांना कळू देऊ नका म्हणतो, भांडणाचा विषय काढतो. अशा वेळी नाही म्हणा. आपलं शस्त्र कोणाला विकायचं नाही, हे ठरवायला कोणाची परवानगी लागत नाही.

आणि एक गोष्ट मी जरा थांबून सांगतो. घरात कोणी खचलेलं असेल, रागाच्या भरात काही करून बसेल अशी धास्ती असेल, तर विक्रीच्या ४५ दिवसांची वाट पाहत बसू नका. परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे किंवा पोलीस ठाण्यात शस्त्र आजच जमा करा, पावती घ्या. विकायचं काय ते तिथून बघता येतं.

(दृश्य: गन हाऊसचा काउंटर. जाड रजिस्टर, कार्बन कागद.)

ज्यांना गिऱ्हाईक शोधायचं नाही, अनोळखी माणसाला घरी बोलवायचं नाही, त्यांच्यासाठी शस्त्र विक्रेता हाच सोपा रस्ता आहे. शस्त्र तिथे जमा होतं, घेणाऱ्याचे कागद तो पाहतो, रजिस्टरमध्ये नोंद तो करतो. थोडे पैसे कमी मिळतात. मिळू द्या.

गिऱ्हाईक स्वतः आणलं असलं, तरी शस्त्र देण्याघेण्यासाठी अशाच दुकानाची जागा बरी. दिवसाउजेडी, दोघांचे मूळ परवाने समोर ठेवून. शस्त्र रिकामं करून, काडतुसं वेगळ्या डब्यात मोजून. काडतुसांचीही नोंद लागते, कारण घेणाऱ्याच्या परवान्यावर ती किती बाळगायची त्याची मर्यादा लिहिलेली असते. पैसे बँकेतून. पावतीवर बोअर, कोणत्या कारखान्याचं ते आणि चौकटीवर कोरलेला नंबर, एकेक आकडा शस्त्रावर बोट ठेवून जुळवलेला.

तो नंबर हाच या सगळ्याचा जीव आहे. शस्त्र दुसऱ्याच्या कमरेला गेलं म्हणजे विक्री झाली, असं समजू नका. तुमच्या परवान्यावरून तो नंबर कमी व्हायला हवा आणि घेणाऱ्याच्या परवान्यावर चढायला हवा. दोन्ही नोंदींवर परवाना शाखेचा शिक्का, सही. त्यांच्या प्रती जन्माच्या दाखल्याइतक्या जपून ठेवा. पुढे दुसरं शस्त्र घ्यायचंच नसेल, तर परवानाही परत करून मोकळं व्हा.

काकाजी हेच त्यांच्या भाषेत सांगतात. "पैसे काय, येतीन न. पण उद्या कुठं काही झालं, त नंबर माह्याच नावचा निघन."

कलम ५ डावलून शस्त्र विकलं तर कलम २५ नुसार किमान ७ वर्षांची कैद आहे आणि ती जन्मठेपेपर्यंत जाऊ शकते. ओळखीतल्याच्या त्या साळ्यासाठी एवढी मोठी किंमत.

घरातल्याच माणसाला द्यायचं असेल तर वाट निराळी. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे परवानाधारकानं सत्तरी गाठली असेल किंवा २५ वर्षं शस्त्र बाळगलं असेल, तर तो हयातीतच कायदेशीर वारसाचं नाव सुचवू शकतो. वारसाला मात्र स्वतःचा अर्ज आणि चौकशी चुकत नाही. काकाजींचा मुलगा पुण्यात असतो. त्याला विचारलं, तो नको म्हणाला.

परवानाधारक वारला, तर कपाट उघडून "बाबांची आठवण" म्हणून ते तसंच ठेवणाऱ्या घरांची मला फार काळजी वाटते. त्या दिवसापासून घरात विनापरवाना शस्त्र असतं. विनाविलंब ठाण्यात किंवा शस्त्र विक्रेत्याकडे जमा करायचं, मग वारसांनी बसून ठरवायचं.

(दृश्य: स्वयंपाकघराची भिंत. कालनिर्णय. एका तारखेभोवती लाल गोल.)

काकाजींनी पत्रात नाव दिलेलं गिऱ्हाईक म्हणजे सावनेरकडचा एक शेतकरी. परवाना चालू, जागा रिकामी, यूआयएन जुळला. तो सकाळी फोन करतो, भाव पक्का आहे ना विचारतो आणि हळूच म्हणतो, "या रविवारी येऊन जाऊ का, काकाजी?"

काकाजी भिंतीकडे बघतात. आज एकतिसावा दिवस.

"चौदा दिवस आहे अजून, भाऊ. चहा प्यायले या. ते कपाटातच राहीन."