वार्षिकांक जूनमध्ये सुरू होतो

मित्रांनो, कॉलेजच्या वार्षिकांकाची नोटीस फलकावर लागते ती बहुधा जानेवारीत. ‘साहित्य पंधरा दिवसांत जमा करावे.’ मग काय जमा होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. पावसावरच्या कविता, आईवरच्या कविता, ‘मोबाइल : शाप की वरदान’ आणि प्रत्येक मंडळाचा ‘कार्यक्रम उत्साहात संपन्न झाला’ असा अहवाल. मुखपृष्ठावरचं साल झाकलं तर अंक कुठल्या वर्षाचा हे सांगता येत नाही. माझं आजचं सगळं बोलणं या सालाभोवतीच आहे. अंक त्या एका वर्षाचा वाटायला हवा असेल तर तो कॉलेज उघडतं त्या आठवड्यात हाती घ्यावा लागतो, कारण जानेवारीत बसून जून आठवत नाही.

आपल्याकडची, म्हणजे गोव्यातली, कॉलेजं तशी तरुणच. पणजीचं धेंपे आणि मडगावचं चौगुले, दोन्ही १९६२ची. गोवा विद्यापीठ १९८५चं. त्याआधी सगळा कारभार मुंबई विद्यापीठाशी जोडलेला. म्हणजे पहिली कॉलेजं जेमतेम पाच वर्षांची असताना १६ जानेवारी १९६७ला, गोवा महाराष्ट्रात विलीन करावा का यावर, जनमत कौल झाला. निकालाचे आकडे कुठेही मिळतात : विलीनीकरणाच्या विरोधात १,७२,१९१ मतं, बाजूने १,३८,१७०. एका बाजूची निशाणी फूल, दुसऱ्या बाजूची दोन पानं. पण त्या आठवड्यात वर्गातल्या फळ्यावर फूल काढलं होतं की पानं, एका बाकावर बसणाऱ्या दोघांचं बोलणं बंद झालं का, कॅन्टीनवाल्याने उधारी कुणाची थांबवली, हे वर्तमानपत्र छापत नाही. ते टिपायची जागा एकच, कॉलेजचा अंक.

तेव्हा आधी वही. दोनशे पानी, आडव्या रेघांची, जाड पुठ्ठ्याची. डाव्या पानावर चार रकाने आखा : तारीख, काय, कुठे, कुणी सांगितलं. उजवं पान मोकळं सोडा. किंमत, नेमके शब्द, पुढे काय झालं ते तिथे येतं. दर शुक्रवारी मधल्या सुट्टीत संपादक मंडळातल्या दोघांनी वीस मिनिटं बसायचं आणि आठवड्याच्या निदान पाच नोंदी करायच्या. दोघांनी, कारण एकट्याची वही चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, सुट्टीत हरवते. मोबाइलवर लिहिलं तरी चालतं, पण ग्रुपवर लिहिलेलं वर जातं आणि तीन महिन्यांनी सापडत नाही, हा अनुभव सगळ्यांचाच.

वहीच्या मागच्या पुठ्ठ्याला एक मोठा लिफाफा जोडा. त्यात फेस्टचा पास, पत्रक, बसचं तिकीट, कॅन्टीनचं बिल. यातलं बिल फसवं. ते उष्णतेवर छापलेल्या कागदावर असतं. काही महिन्यांत अक्षरं पुसट होतात आणि लॅमिनेट करायला गेलात तर अख्खं काळं पडतं. मिळालं त्या दिवशी झेरॉक्स काढा, झेरॉक्स ठेवा. कात्रणं खळीने चिकटवू नका. आपल्या पावसाळ्यात खळ ओली राहते, बुरशी धरते, मागोमाग कसर येते. सेलोटेप पिवळी पडून कागदावर डाग सोडते. लिफाफ्यात सुटी ठेवलेली कात्रणं बरी.

कॅन्टीनच्या दरफलकाचा फोटो वर्षातून दोनदा काढा, १ जुलै आणि १ जानेवारी. भाजी-पाव, कटलेट-पाव, चहा, मिरचीभजी. एवढे दोन फोटो अंकात आमनेसामने छापले तर महागाईवरचा निबंध वेगळा लागत नाही.

आता फॅडं. फॅडाची गंमत अशी की ते चालू असताना कुणाला लिहावंसं वाटत नाही आणि संपल्यावर कुणाला आठवत नाही. २०१४च्या ऑगस्टमध्ये डोक्यावर बर्फाचं पाणी ओतून घेणं, २०१७मध्ये बोटांत फिरणारे स्पिनर, जुलै २०२३मध्ये बार्बी आणि ओपनहायमर एकाच दिवशी लागले म्हणून गुलाबी आणि काळे कपडे, मार्च २०२५च्या शेवटच्या आठवड्यात स्वतःच्या फोटोचं घिब्ली धाटणीचं चित्र करून घेणं. ही नावं जगभरची. ती नुसती लिहून काही साधत नाही. आपल्याला हवं ते हे : आपल्या कॉलेजात ते पहिल्यांदा कुणाकडे दिसलं, वस्तू असेल तर कुठल्या दुकानातून केवढ्याला आली, मुलांत जास्त की मुलींत, आर्ट्सकडून कॉमर्सकडे गेलं की उलट, प्राध्यापकांनी काय म्हटलं, आणि संपलं कशाने. बहुतेक फॅडं तीन कारणांनी संपतात. नोटीस लागते, परीक्षा येते, किंवा एखादे सर तेच करून दाखवतात. तिसरं कारण सर्वांत जालीम.

अहवालाचंही तेच. ‘पारंपरिक वेशभूषा दिन उत्साहात साजरा झाला’ हे वाक्य खोडा. त्या जागी, समजा, कुणबी साडी घ्या. लाल चौकड्यांची, आखूड, खांद्यावर गाठ मारून नेसलेली. ती कुणाच्या आजीची होती की भाड्याची? भाड्याची असेल तर भाडं किती, अनामत किती? खांद्यावरची ती गाठ मुलीला मारता येत होती की कुणाच्या मामीला सकाळी सहाला बोलवावं लागलं? दुपारी लेक्चरला बसताना ती सुटली का? असे चार प्रश्न विचारलेत की अहवाल आपोआप लेख होतो. आणि संपन्न हा शब्द मालमत्तेसाठी राखून ठेवा.

गोव्याचं कॉलेजवर्ष सणांवर चालतं, तेव्हा वहीत तारखा आधीच घालून ठेवा. २४ जूनला सांजांव, म्हणजे सेंट जॉनचा सण. डोक्यावर कोपेल, म्हणजे पानाफुलांचा मुकुट, घालून वर्गात आलेला कुणीतरी असतोच. मग चवथ. दिवाळीआधीचे पंधरा दिवस नरकासुराच्या पुतळ्यांचे. रात्रभर बांबू आणि गवत बांधून सकाळच्या पहिल्या तासाला झोपणारे कोण, हे हजेरीपटावरूनही कळतं. २० नोव्हेंबरच्या आसपास इफ्फी, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, जो २००४पासून गोव्यात भरतो. ३ डिसेंबरला जुन्या गोव्याचं सेंट फ्रान्सिस झेवियरचं फेस्त, १९ला मुक्तिदिन. कार्निव्हलची आणि शिगम्याची तारीख दर वर्षी सरकते, आणि नेमकी आयएसएच्या, म्हणजे सत्रातल्या अंतर्गत परीक्षेच्या, तारखांवर येऊन बसते. ही टक्कर दर वर्षीची; कुणी कुठला पेपर पुढे ढकलून मागितला आणि मिळाला की नाही, ते त्याच दिवशी लिहा. एसईए, म्हणजे सत्राच्या शेवटची परीक्षा, एकदा सुरू झाली की वही कुणी उघडत नाही.

चालू घडामोडींबाबत एक पथ्य. बातमी पुन्हा लिहू नका. बातमी कॉलेजात कशी शिरली ते लिहा. चांद्रयान-३ चंद्रावर उतरलं २३ ऑगस्ट २०२३ला संध्याकाळी सहा वाजून चार मिनिटांनी. त्या वेळी बरीच मुलं बसमध्ये किंवा घरी. म्हणजे लेखाचा विषय चंद्र नाही, बस आहे : कुणाच्या मोबाइलवर किती डोकी वाकली होती, रेंज कुठल्या घाटात गेली, कंडक्टरने काय म्हटलं. नोटाबंदी ८ नोव्हेंबर २०१६ची, रात्री आठची. दुसऱ्या दिवशी बँका बंद. कॅन्टीनने पाचशेची नोट घेतली का, हा प्रश्न तेव्हा नोंदवला असता तर आज तो अर्थशास्त्र विभागाच्या कामी आला असता. ऐकीव गोष्ट असेल तर तसं लिहा, आणि कुणाच्या खासगी भानगडीचं नाव घालू नका. नाव काढून मजकूर टिकत नसेल तर तो छापायच्या लायकीचा नव्हता.

भाषेचं पाहा. आपल्या अंकात मराठी, कोकणी, हिंदी, इंग्रजी असे विभाग असतात, आणि मराठी विभागात लिहिणारा मुलगा कट्ट्यावर कोकणीच बोलतो. लेख मराठीत असू दे, पण संवादाचं मराठी करू नका. ‘बस गेली मरे!’ याचं ‘अरेरे, बस चुकली’ केलंत की ती बसही जाते आणि तो मुलगाही.

इथून पुढचा भाग अक्षरजुळणीचा, आणि निम्मे अंक इथेच बिघडतात. मुलं मोबाइलवर युनिकोडमध्ये टाइप करतात. डीटीपीवाल्याकडे श्रीलिपीसारखा जुना फॉन्ट असतो. रूपांतर करताना ‘ऱ्य’चं ‘र्य’ होतं. मग ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ एकच होतात, आणि सह्याद्रीवरच्या कवितेत अचानक समुद्र शिरतो. युनिकोडमध्येच पानं लावायची असतील तर इनडिझाइन या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’ निवडलाय का ते आधी विचारा. नसेल तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या डावीकडे न येता उजवीकडे पडते आणि जोडाक्षरं सुटी होतात. पूर्ण अंक देण्याआधी एक चाचणी पान काढून घ्या. त्यात ‘वाऱ्यावर’, ‘क्षितिज’, ‘ज्ञान’, ‘शृंगार’, ‘ट्रॅक्टर’, ‘ऑफिस’ एवढे शब्द असले की पुरे. प्रुफं दोघांनी वाचा, एकाने मोठ्याने मूळ, दुसऱ्याने छापील. फोटोखालची नावं हजेरीपटाशी ताडून, डावीकडून उजवीकडे. नाव चुकलेला मुलगा पुढची वीस वर्षं अंक आठवणीत ठेवतो, पण त्या कारणासाठी.

फोटोंचं गणित सोपं आहे. छपाईला इंचाला ३०० पिक्सेल लागतात. व्हॉट्सअॅपवरून साध्या पद्धतीने पाठवलेला फोटो साधारण १६०० पिक्सेलांपर्यंत आकसतो, म्हणजे सव्वापाच इंच. त्यातून पूर्ण पानाचा फोटो करायला गेलात की चेहरे विरघळतात. फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा आणि फाइलला तारखेचं नाव द्या. पडद्यावरचे झगझगीत हिरवे-गुलाबी रंग शाईत तसे येत नाहीत, मळकट होतात. फेस्टचं पोस्टर मुखपृष्ठावर घेण्याआधी रंगीत प्रूफ पाहा. कडेपर्यंत जाणारं चित्र चारी बाजूंनी ३ मिलिमीटर जास्त ठेवा, नाहीतर कटिंगनंतर पांढरी रेघ दिसते.

पानांची संख्या फॉर्मवर, म्हणजे एका मोठ्या कागदावर एकत्र छापल्या जाणाऱ्या पानांवर, ठरते. डेमी १/४ आकारात एक फॉर्म आठ पानांचा. ६८ पानं झाली तर अर्ध्या फॉर्मचा खर्च अंगावर येतो. चार पानं काढा किंवा चार भरा. रंगीत फोटो अंकभर पेरू नका, सगळे एका फॉर्मात आर्ट पेपरवर घ्या, बाकी मजकूर ७० जीएसएम मॅपलिथोवर, म्हणजे साध्या, चकाकी नसलेल्या कागदावर. मधोमध पिन मारायची तर पानं चारच्या पटीत हवीत, आणि ऐंशीच्या वर गेली की अंक फुगतो, मिटत नाही. अंक जूनच्या पावसात आला तर गठ्ठे प्लास्टिकमध्ये आणि जमिनीपासून वर ठेवा. आर्ट पेपर भिजला की पानं एकमेकांना चिकटतात आणि सोडवताना फोटोच निघून येतो.

छापून झाल्यावर दोन प्रती कॉलेजच्या ग्रंथालयात आणि एक पणजीत पाटोवरच्या कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात द्या. ती संस्था १८३२ची आहे. वही छापखान्यात मात्र पाठवू नका, तिकडे झेरॉक्सच द्या. मूळ वही पुढच्या मंडळाच्या हातात कॉलेज उघडेल त्या दिवशी पडली पाहिजे. उरलेल्या कोऱ्या पानांवर त्यांचा जून सुरू होतो.