पुस्तकातून जादू शिकवणारे बॅरिस्टर

श्रोतेहो, नमस्कार.

१८७६ साली लंडनमध्ये ‘मॉडर्न मॅजिक’ नावाचं जाडजूड पुस्तक निघालं. लेखक, प्रोफेसर हॉफमन. हे प्रोफेसर कुठल्याही कॉलेजात शिकवत नव्हते. त्यांचं खरं नाव अँजेलो जॉन लुईस, आणि पेशाने ते बॅरिस्टर. हातचलाखीत मुरलेल्या माणसाकडे आपला खटला कोण सोपवणार, या धास्तीने त्यांनी टोपणनाव घेतलं होतं.

जादूची गुपितं सांगणारी पुस्तकं आधीही होती. पण त्यांतली बहुतेक दोन-चार ओळींत युक्ती उरकून मोकळी व्हायची. वाचणाऱ्याला गुपित कळे, प्रयोग मात्र जमत नसे. लुईस यांनी शिकवायला घेतलं ते थेट हातापासून. नाणं तळहातात लपवायचं, तर ते नेमकं कुठे ठेवायचं, अंगठ्याखालचा मांसल भाग किती आवळायचा, आणि एवढं करूनही हात मोकळाच आहे असं कसं भासवायचं, हे सगळं त्यांनी क्रमाने लिहिलं. सोबत तीनशेहून अधिक चित्रं. कलमामागून कलम मांडणाऱ्या वकिलाची शिस्त मला त्या पानोपानी दिसते. ज्याला गुरू मिळणं शक्य नाही, अशा दूरगावच्या मुलालाही एकट्याने सराव करता यावा, इतकं ते स्वच्छ आहे.

त्यांचे दोन नियम जादूगार अजून पाळतात. पुढे काय होणार ते प्रेक्षकांना आधी सांगायचं नाही. आणि एकाच बैठकीत तोच प्रयोग पुन्हा करायचा नाही, कारण दुसऱ्या खेपेला कुठे बघायचं ते लोकांना कळलेलं असतं.

आता आपला धंदा बसणार, असं काही जादूगारांना वाटलं. त्यांची काळजी मी समजू शकतो, पण झालं उलटंच. या पुस्तकावर जादूगारांच्या पिढ्या तयार झाल्या.

पुढे लुईस यांनी फ्रेंच जादूगार रॉबेर-ऊदँ यांचा ग्रंथ इंग्रजीत आणला, १८९० मध्ये ‘मोअर मॅजिक’ लिहिलं, आणि ऐंशीच्या उंबरठ्यावर, १९१८ मध्ये, ‘लेटेस्ट मॅजिक’. पुढच्याच वर्षी ते गेले.

‘मॉडर्न मॅजिक’ आज इंटरनेटवर मोफत वाचायला मिळतं. घरात जादूचं वेड असलेलं मूल असेल, तर त्याला नाण्यांचं प्रकरण जरूर काढून द्या.

नमस्कार.