पित्ताची गोळी मागायला आलेली माणसं

[दृश्य: कसबा पेठ, सकाळ. दवाखान्याबाहेरचा बाक.]

दवाखाना उघडायला अजून दहा मिनिटं आहेत, पण बाक भरलाय. डॉक्टर बी. जे. मेडिकलमधून एमबीबीएस झाले आणि ऐंशीच्या दशकात इथे बसायला लागले. शिकताना मनोविकारशास्त्राला जेमतेम दोन आठवडे मिळाले होते. जे पुढे आयुष्यभर रोज समोर येणार, त्याला एवढाच वेळ!

‘मला नैराश्य आलंय’ म्हणत इथे कुणी येत नाही. पित्त वाढलंय, डोकं जड झालंय, छातीत धडधडतंय, हातपाय गळून जातात, असं सांगत येतात. येरवड्याच्या मनोरुग्णालयाचं नाव काढलं, की घरात सगळे गप्प होतात. फॅमिली डॉक्टरकडे जायला मात्र कुणाला कारण सांगावं लागत नाही.

[दृश्य: केसपेपरचं कपाट.]

हे जुने केसपेपर. एका घराचे एका दोऱ्यात बांधलेले. सासऱ्यांची साखर, मुलाची दारू, सुनेचं बाळंतपण, सगळं एकाच गठ्ठ्यात. म्हणून तिसऱ्यांदा ‘अ‍ॅसिडिटी’ घेऊन आलेल्या या ताईंच्या घरची परिस्थिती डॉक्टरांना नव्याने विचारावी लागत नाही. त्यांच्या परवानगीने आम्ही फक्त त्यांचे हात चित्रित केलेत. केसपेपरचा कोपरा त्या सारख्या दुमडतायत.

आधी बीपी, मग पोट. थायरॉइड आणि बी-१२ची तपासणीही लिहून दिली, कारण त्यांच्या कमतरतेतही माणूस असाच खचतो. बीपीचा पट्टा सोडता सोडता डॉक्टर विचारतात,
‘झोप कशी आहे?’
‘लागते. पण साडेतीनला जाग येते.’
‘मग?’
‘मग काही नाही. पडून राहते.’
आणि त्याच आवाजात पुढचा प्रश्न, ‘जीव नकोसा वाटतो का कधी?’

असं विचारल्याने कुणाच्या डोक्यात तसला विचार शिरत नाही. तो आधीच असेल, तर बोलायला वाट मिळते.

अल्प्राझोलम ही घबराट शमवणारी गोळी डॉक्टर सहसा लिहीत नाहीत, तिची सवय लागते. नैराश्यावरची गोळी देतात आणि बजावतात, ‘गुण यायला दोन ते चार आठवडे लागतील. मधेच बंद करायची नाही.’ गरज वाटली तर ससूनच्या मनोविकार विभागाला चिठ्ठी. बरेच जण सावरतात, काही मधेच यायचे थांबतात.

२०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात मनोविकार असलेल्या दहांपैकी आठांहून अधिक जणांना उपचार मिळत नव्हते. प्राथमिक आरोग्यसेवेतच मनाचे उपचार व्हावेत, हे राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रमात १९८२पासून लिहिलेलं आहे. पण पेठेतला माणूस आधी गल्लीतल्या खासगी डॉक्टरकडेच जातो. प्रशिक्षण तिथवर पोचायलाच हवं. या डॉक्टरांचं मागणं एवढंच आहे, की इंटर्नशिपमधले काही दिवस मुलांना अशा दवाखान्यात बसू द्या.

तातडीने कुणाशी बोलायचं असेल, तर टेली मानस ही सरकारी हेल्पलाइन, १४४१६. चोवीस तास, मराठीतही.