स्पीती : थोड्या पाण्याचे खोरे

किन्नौर जिल्ह्यात खाब या ठिकाणी, दोन उंच कड्यांच्या कपारीत, स्पीती नदी सतलजला येऊन मिळते. शिमल्याहून निघून रामपूर, रिकाँगपिओ, पूह अशी गावे मागे टाकत आलेल्या प्रवाशाला एव्हाना देवदार दिसेनासे झालेले असतात, आणि पूल ओलांडून रस्ता स्पीतीच्या काठाने वर चढू लागला की डोंगरउतारांवरची उरलीसुरली झाडीही संपते. येथून कुंझुम खिंडीपर्यंतच्या सुमारे दोनशे किलोमीटरच्या वाटेवर दिसतात ते राखी, तांबूस, मध्येच जांभळट छटेचे उघडे डोंगर, तळाशी अनेक धारांमध्ये विभागून वाहणारी नदी आणि मैलोन्मैल अंतरावर एखाद्या ठिपक्याएवढे हिरवे शेत.

हिमाचल प्रदेशातील लाहौल-स्पीती जिल्ह्याचा हा भाग पर्जन्यछायेत येतो. मोसमी ढगांना दक्षिणेकडच्या हिमशिखरांच्या रांगा अडवतात, त्यामुळे कुलू आणि मनालीच्या बाजूला मुसळधार पाऊस कोसळत असतानाही येथे बहुधा कोरडे ऊनच असते. या खोऱ्याचे मुख्य गाव काझा समुद्रसपाटीपासून सुमारे ३,६५० मीटर उंचीवर आहे. पाणी मिळते ते बर्फ वितळून, आणि तेही मोजके. स्पीतीत येऊन मठ, तळी आणि शिखरे यांची यादी पुरी करणे सोपे आहे. परंतु येथे जे जे पाहण्यासारखे आहे, ते या कोरडेपणामुळे घडले आहे किंवा त्याच्यामुळेच टिकून राहिले आहे, हे ध्यानात ठेवून प्रवास केला तर खोरे अधिक खोलवर उलगडते.

खाबहून वर चढताना नाको हे गाव आणि त्याचे छोटे तळे लागते. ते अजून किन्नौरमध्येच येते. सुमदोच्या चौकीनंतर स्पीती सुरू होते. तेथून थोडे पुढे एक फाटा ग्यू गावाकडे जातो. या गावात एका भिक्षूचे सुमारे पाचशे वर्षांपूर्वीचे शरीर बसलेल्या स्थितीत जतन झालेले आहे. गावकरी त्याला सांघा तेनझिन या नावाने ओळखतात. त्याच्यावर कोणतेही लेप चढवलेले नाहीत. थंड, कोरड्या हवेत त्याची त्वचा, दात आणि डोक्यावरचे केस टिकून राहिले आहेत. गावासाठी तो पूजनीय आहे, म्हणून तेथे देवळात उभे राहावे तसे उभे राहावे, एवढी अपेक्षा प्रत्येक पाहुण्याकडून रास्त आहे.

ग्यूच्या फाट्यानंतर ताबो येते, आणि संपूर्ण स्पीतीत एकाच ठिकाणी थांबण्याइतका वेळ असेल तर तो ताबोला द्यावा, असे आम्ही निःसंकोचपणे सांगू. समोर दिसणाऱ्या या बुटक्या, मातीच्या, बाहेरून जवळजवळ अनाकर्षक वाटणाऱ्या वास्तू इसवी सन ९९६ मध्ये पश्चिम तिबेटातील राजा येशे-ओ याने उभारलेल्या मठाच्या आहेत. बौद्ध ग्रंथांचा महान अनुवादक रिनचेन झांगपो याच्या काळातली ही स्थापना आहे. पुढे ४६ वर्षांनी, म्हणजे १०४२ मध्ये, येशे-ओच्या घराण्यातील जांगछुब-ओ याने मठाचे नूतनीकरण केल्याची नोंद मुख्य मंदिरातील लेखात आहे. तेव्हापासून आजपर्यंत येथे भिक्षूंचा वावर आहे.

मुख्य मंदिराचे दार ओलांडून आत गेल्यावर डोळे अंधाराला सरावण्यास काही वेळ लागतो. मग भिंतींवर, माणसाच्या उंचीहून थोड्या वर, मातीच्या गिलाव्यातून घडवलेल्या देवतामूर्ती आसनस्थ दिसू लागतात. त्या भिंतीला जडवलेल्या असल्यामुळे हवेत तरंगत असल्यासारख्या भासतात. चारही दिशांना मुख असलेला वैरोचन बुद्ध मध्यभागी आहे आणि त्याच्याभोवतीच्या मूर्ती मिळून एक मंडल पूर्ण होते, म्हणजे मंदिरात शिरलेला माणूस त्या मंडलाच्या आतच उभा असतो. मूर्तींच्या खाली आणि वर रंगवलेली भित्तिचित्रे आहेत. बुद्धाचे जीवन, सुधन नावाच्या तरुणाचा ज्ञानाच्या शोधातला प्रवास, देणगी देणाऱ्या सरदारांच्या आणि भिक्षूंच्या पंक्ती, त्यांच्या अंगावरची वस्त्रे आणि त्या वस्त्रांवरची नक्षी हे सारे त्यांत आहे. या रेषांवर काश्मिरी चित्रकलेची छाप स्पष्ट आहे. काश्मीरमधील त्या काळातली भित्तिचित्रे जवळजवळ नष्ट झाली असल्यामुळे ताबोच्या भिंतींचे मोल आणखी वाढते.

ताबोला हिमालयातील अजिंठा म्हटले जाते. मात्र अजिंठ्याच्या चित्रांना कातळाचा आधार आहे आणि ताबोच्या चित्रांमागे नुसती माती आहे, हा फरक पाहणाऱ्याने विसरू नये. मातीच्या भिंती आणि मातीचेच सपाट छत हजार वर्षे उभे राहिले, कारण या प्रदेशात छतावर साचण्याइतका पाऊस सहसा पडत नव्हता. १९ जानेवारी १९७५ रोजी किन्नौरमध्ये झालेल्या मोठ्या भूकंपाने येथील इमारतींना धक्के दिले, तरी प्राचीन मंदिर बचावले. आता चिंता पाण्याची आहे. अवकाळी जोरदार सरी आल्या की छतातून पाणी झिरपते आणि विरघळलेल्या मातीचे ओघळ चित्रांवर उतरतात. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या संरक्षणाखालील या मंदिरात छायाचित्रे काढण्यास मनाई आहे, आणि विजेऱ्यांचा झोतही जपून वापरावा लागतो. शक्य असेल तर येथे एक मुक्काम करावा. सफरचंदाच्या बागांमध्ये वसलेले हे गाव सुमारे ३,३०० मीटर उंचीवर असल्याने पुढच्या चढाईसाठी शरीरही तयार होते.

ताबो आणि काझा यांच्यामध्ये, पिन आणि स्पीती या नद्यांच्या संगमावर, झिजून सुळके झालेल्या मातीच्या कड्यावर धनकर उभे आहे. एके काळी हे स्पीतीच्या राज्यकारभाराचे केंद्र होते. येथील किल्ल्यातून ‘नोनो’ म्हणवले जाणारे स्थानिक अधिपती कारभार पाहत. कड्याची माती सतत ढासळत असल्यामुळे २००६ मध्ये वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाने जगातील शंभर संकटग्रस्त स्थळांच्या यादीत धनकरचा समावेश केला होता. जुन्या मठात एका वेळी मोजक्याच लोकांना सोडतात, आणि तो नियम मनापासून पाळण्यासारखा आहे. गावाच्या वर तासाभराच्या चढावर एक लहानसे तळेही आहे.

संगमापासून पिन नदीच्या काठाने आत वळले की मुद गावापर्यंत रस्ता जातो. स्पीतीतील बहुतेक मोठे मठ तिबेटी बौद्ध धर्मातील गेलुग पंथाचे असले तरी पिन खोऱ्यात त्याच धर्मातील न्यिंगमा परंपरा चालते आणि कुंगरीचा मठ तिचे केंद्र आहे. येथील बुछेन कलावंत धार्मिक कथा नाट्यरूपाने सादर करतात. १९८७ मध्ये घोषित झालेले पिन व्हॅली राष्ट्रीय उद्यान याच खोऱ्यात असून आयबेक्स हा वळणदार शिंगांचा रानबोकड आणि हिमबिबट्या यांचा तेथे अधिवास आहे.

आता समोरच्या शेतांकडे पाहू. कडेला दगडांनी बांधलेला जो हातभर रुंदीचा पाट दिसतो, त्याला हिमाचलात कूहल म्हणतात. वरच्या हिमनदीतून किंवा बर्फाच्या ओढ्यातून निघणारे पाणी अशा पाटांनी, कधी कधी कित्येक किलोमीटर अंतर वळणे घेत, शेतांपर्यंत आणले जाते. कूहल जितके पाणी आणू शकते, तितकेच शेत ओलिताखाली येते आणि तितकीच घरे गावात राहू शकतात. जव, काळा वाटाणा आणि अलीकडे बाजारासाठी हिरवा वाटाणा हे पीक वर्षातून एकदाच घेता येते.

या हिशेबातून येथील समाजाची रचनाही घडली. जमिनीचे आणि पाण्याच्या पाळीचे तुकडे पडू नयेत म्हणून घर आणि शेत थोरल्या मुलाकडे जाई. तो कर्ता झाला की आईवडील ‘खांगछेन’ म्हणजे थोरल्या घरातून ‘खांगछुंग’ या धाकट्या घरात राहायला जात, आणि धाकट्या मुलांपैकी अनेक जण मठात भिक्षू होत. टेकडीवर एकावर एक रचलेल्या खोल्यांचा ‘की’ नावाचा मठ, स्पीतीतला सर्वांत मोठा, पाहताना हे लक्षात घ्यावे. हल्ले, आग आणि १९७५ चा भूकंप सोसून हा मठ पुन्हा पुन्हा उभा राहिला आणि त्यातील भिक्षूंच्या अनेक पिढ्या आसपासच्या गावांमधल्या याच धाकट्या मुलांच्या होत्या. मठाच्या स्वयंपाकघरात पाहुण्याला बहुधा चहा मिळतोच. तो घेताना थोडा वेळ तेथे बसून राहावे.

काझाच्या वरच्या पठारावर लांगझा, हिक्किम आणि कोमिक ही गावे आहेत. लांगझाच्या मागे ६,३०० मीटरहून उंच असलेले चाऊ चाऊ कांग निल्डा शिखर आहे आणि गावाच्या कडेला मोठी बुद्धमूर्ती आहे, परंतु येथील खरे नवल पायाखाली आहे. ओढ्याच्या पात्रातील काळ्या मृत्तिकाखडकात शंखाकृती जीवाश्म सापडतात. ते अमोनाइट नावाच्या सागरी प्राण्यांचे आहेत. सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वी येथे टेथिस समुद्राचा तळ होता. पुढे भारतीय भूखंड आशियाला धडकला आणि तो तळ उचलला जाऊन हिमालयाचा भाग झाला. आपल्या देवघरांतला गंडकी नदीचा शाळिग्राम हाही त्याच समुद्रातला अमोनाइट होय. एकोणिसाव्या शतकापासून भूवैज्ञानिक स्पीतीत येत आहेत आणि येथील काळ्या खडकाला ‘स्पीती शेल’ हे नावही त्यांनीच दिले. आज इतकी कोरडी असलेली ही जागा एके काळी समुद्राखाली होती, ही गोष्ट तेथे उभे राहून ऐकताना अंगावर काटा येतो. कोणी हे जीवाश्म विकत देऊ केले तरी घेऊ नयेत, कारण उचलून नेलेल्या प्रत्येक दगडाबरोबर अभ्यासकांसाठी असलेली त्याची जागेची नोंद नाहीशी होते.

हिक्किमचे टपाल कार्यालय सुमारे ४,४०० मीटर उंचीवर १९८३ पासून काम करते आहे. तेथून घरी पत्र धाडावे. कोमिक त्याहूनही उंच, ४,५०० मीटरच्या पलीकडे आहे. या उंचीवरच्या गावांना हिवाळ्यात बर्फ कमी पडले की पुढच्या उन्हाळ्यात शेतासाठी आणि पिण्यासाठीही पाण्याची टंचाई सोसावी लागते. म्हणूनच गावातल्या घरांमध्ये पाण्याचा थेंबही न वापरणारी कोरडी शौचालये असतात, आणि त्यांतून तयार होणारे खत शेताला घातले जाते. गावातील घरी मुक्काम केला तर या व्यवस्थेचा आदरपूर्वक स्वीकार करावा. रोज अंघोळीसाठी गरम पाण्याची मागणी करणारा पाहुणा कोणाच्या तरी शेताचे पाणी मागत असतो.

‘की’ मठाच्या वर किब्बर हे गाव आहे. हिमबिबट्या पाळीव जनावरे मारतो, म्हणून एके काळी येथे त्याच्याविषयी रागच होता. नेचर कन्झर्व्हेशन फाउंडेशनच्या अभ्यासकांनी १९९० च्या दशकापासून गावकऱ्यांबरोबर काम केले. गावाने काही कुरणे जंगली निळ्या मेंढ्यांसाठी, म्हणजे भरलसाठी, मोकळी सोडली आणि जनावरांच्या नुकसानभरपाईसाठी सामुदायिक विमा उभा राहिला. आज कडक हिवाळ्यात हिमबिबट्या पाहण्यासाठी देशोदेशीचे लोक येतात आणि गावातील तरुण त्यांना वाट दाखवतात. किब्बरहून पुढे चिचमला जाताना खोल घळीवरचा पूल लागतो. तो २०१७ मध्ये खुला झाला. त्याआधी लोक दोरावरच्या पाळण्यात बसून ही घळ ओलांडत असत.

प्रवासाच्या दिशेबद्दल एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. मनालीहून काझा सुमारे २०० किलोमीटर, तर शिमल्याहून किन्नौरमार्गे ते ४०० किलोमीटरहून अधिक आहे, म्हणून पुष्कळ जण मनालीचा रस्ता धरतात. पण त्या वाटेने सुमारे २,००० मीटरवरून एका दिवसात ४,५०० मीटरची खिंड ओलांडावी लागते आणि रात्रीपर्यंत डोकेदुखी, मळमळ, धाप असा विरळ हवेचा त्रास सुरू होऊ शकतो. ३,००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची दररोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, हा गिर्यारोहकांचा नियम सामान्य प्रवाशालाही लागू पडतो. किन्नौरकडून येणारी लांबची वाट हा नियम जवळजवळ आपोआप पाळायला लावते. त्रास वाढत असेल तर औषधावर विसंबून वर न जाता खाली उतरावे.

काझाहून परतीसाठी मात्र कुंझुमचा मार्ग घ्यावा. लोसर हे शेवटचे मोठे गाव मागे पडले की चढ सुरू होतो आणि ४,५५१ मीटर उंचीच्या खिंडीत गाड्या कुंझुम देवीच्या स्थानाला प्रदक्षिणा घालून पुढे जातात. ही खिंड पाण्याची वाटणी करते. पूर्वेचे पाणी स्पीतीतून सतलजला, तर पश्चिमेचे चंद्रा नदीतून चिनाबला मिळते. खिंडीच्या पलीकडे सुमारे ४,३०० मीटर उंचीवरचे चंद्रताल हे तळे २००५ पासून रामसर यादीतील, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाचे, पाणथळ क्षेत्र आहे. त्याच्या काठावर तंबू ठोकण्यास बंदी असून मुक्कामाच्या राहुट्या काही किलोमीटर अलीकडे असतात. शेवटचा टप्पा पायीच चालावा लागतो. बातलपासून ग्रांफूपर्यंतची वाट दगडगोट्यांची आहे आणि दुपारनंतर बर्फ वितळून रस्त्यावरचे ओढे फुगतात, तेव्हा ती पहाटेच निघून पार करावी. पुढे अटल बोगद्यातून गाडी रोहतांगच्या पोटातून मनालीकडे बाहेर पडते. कुंझुमची वाट साधारणपणे जूनमध्ये उघडते आणि ऑक्टोबरच्या सुमारास हिमवृष्टीने बंद होते. त्यानंतर स्पीतीत जाण्या-येण्यासाठी किन्नौरचाच रस्ता उरतो.