कडी आणि अंगठी : एल्जिन बेलरची गोष्ट

[दृश्य : रिकामं कोर्ट. वर कडी, खाली हलकेच हलणारी जाळी.]

आपल्याकडे बास्केटबॉलच्या मैदानावर कुणी ‘रिंग’ म्हटलं की पोरं वर बघतात. दहा फुटांवर ठोकलेली लोखंडी कडी, अठरा इंच व्यासाची. अमेरिकेतल्या खेळाडूंच्या बोलण्यात मात्र रिंग म्हणजे बोटातली अंगठी. एनबीएचं, म्हणजे तिथल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचं, अजिंक्यपद जिंकलं की ती मिळते. आणि खेळाडू निवृत्त झाला की पुढे जन्मभर त्याची किंमत त्या अंगठ्यांवर होते. तो कसा खेळला हे पाहिलेली माणसं कमी होत जातात, अंगठ्या मोजणारी वाढत जातात.

बोस्टन सेल्टिक्स या संघाचा के. सी. जोन्स नऊ हंगाम खेळला आणि त्यातल्या आठांमध्ये अजिंक्यपद मिळवलं. सामन्यामागे त्याची सरासरी साडेसात गुणांच्या आतली. बचावात तो पहाडासारखा होता, त्याच्या अंगठ्या घामाच्याच आहेत, त्याबद्दल वाद नाही. पण त्याच काळात, त्याच कोर्टवर, त्याच्यासमोर एक माणूस सामन्यामागे सत्तावीस गुण आणि तेरा रिबाउंड (कडीत न गेलेले, परतून आलेले चेंडू झेलणं) काढत होता. चौदा हंगाम. तो खेळत असताना त्याचा संघ आठ वेळा अंतिम मालिकेत गेला आणि आठही वेळा हरला.

त्याचं नाव एल्जिन बेलर.

जन्म १९३४ चा, वॉशिंग्टन शहरातला. मुलगा झाला तेव्हा वडिलांनी हातातल्या घड्याळात वेळ बघितली. घड्याळ एल्जिन कंपनीचं. तेच नाव पोराला ठेवलं. घराजवळच्या मैदानावर काळ्या मुलांना मज्जाव होता, त्यामुळे बास्केटबॉल नीट हातात आला तोच उशिरा. तरी १९५८ साली सिएटल विद्यापीठाच्या संघाला त्यानं थेट राष्ट्रीय महाविद्यालयीन स्पर्धेच्या अंतिम सामन्यात नेलं. तिथे केंटकीकडून हार झाली. स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू म्हणून निवड मात्र झाली बेलरची. पुढे जे व्हायचं होतं त्याची नांदी तिथेच झाली होती.

त्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीएचे संघ नवे खेळाडू निवडतात त्यात, मिनिआपोलिस लेकर्सनं त्याला पहिल्या क्रमांकावर घेतलं. आज लेकर्स म्हटलं की डोळ्यांपुढे झगमगाट येतो. तेव्हाची अवस्था निराळी होती. आदल्या हंगामात ७२ पैकी १९ सामने जिंकलेले, प्रेक्षक रोडावलेले, तिजोरीत खडखडाट. मालक बॉब शॉर्ट यांनी पुढे कबूल केलं की बेलर नाही म्हणाला असता तर आपलं दिवाळं निघालं असतं. तो आला आणि पहिल्याच हंगामात हा संघ अंतिम मालिकेत पोहोचला. मालिका सात सामन्यांची, चार आधी जिंकेल तो अजिंक्य. तिथे बोस्टननं चार-शून्य असा धुव्वा उडवला. आठांतली ही पहिली हार.

[दृश्य : जुनी कृष्णधवल चित्रफीत. बेलर चेंडू घेऊन आत घुसतो.]

इथे थांबून त्याच्याकडे नीट बघा. उंची सहा फूट पाच इंच, म्हणजे या खेळात काही फार नाही. चेंडू हातात आला की मान एकदा झटक्यात हलते. ही त्याची जन्माची लकब होती, पण समोरचा क्षणभर फसायचा. मग एक पाऊल, दुसरं पाऊल, आणि उडी. अडवणारा त्याच्याबरोबर उडतो आणि खाली येतो. बेलर अजून वरच असतो. वर असतानाच चेंडू या हातातून त्या हातात जातो, खांदा वळतो, आणि बॅकबोर्डच्या पलीकडच्या बाजूनं चेंडू कडीत पडतो. त्या काळी बहुतेकांचे पाय जमिनीला धरून असत. हवेत गेल्यावर ठरवायचं की आता काय करायचं, ही रीत त्यानं रूढ केली. पुढे ज्युलियस अर्व्हिंग आला, मायकेल जॉर्डन आला. ते ज्या वाटेनं गेले ती वाट बेलरनं पाडलेली आहे. माझ्या लेखी हे कुठल्याही अंगठीपेक्षा मोठं आहे.

आणि तो नुसता हवेतला माणूस नव्हता. जानेवारी १९५९, वेस्ट व्हर्जिनियातलं चार्ल्सटन. संघ हॉटेलात पोहोचला. काळ्या खेळाडूंना खोल्या मिळणार नाहीत, असं सांगण्यात आलं. बेलर तेव्हा चोवीस वर्षांचा, लीगमध्ये येऊन काही महिनेच झालेले. त्या रात्री तो सामना खेळला नाही. बाकीचे गणवेशात, हा आपला साध्या कपड्यांत बाकावर बसून. नवख्या माणसानं नोकरी पणाला लावून हे करणं काय असतं, याचा हिशेब कुठल्या तक्त्यात मांडायचा?

आता १९६१-६२ चा हंगाम. लेकर्स लॉस एंजेलिसला आले होते. बेलर लष्कराच्या राखीव दलात होता आणि त्याला सेवेवर बोलावणं आलं. ठाणं वॉशिंग्टन राज्यातलं फोर्ट लुईस. आठवडाभर सैनिकाची नोकरी, शनिवार-रविवारची सुटी मिळाली तर विमान पकडायचं, सामना खेळायचा, पुन्हा छावणीत हजर. सराव नाही, संघाबरोबर प्रवास नाही. असे ४८ सामने मिळाले. सरासरी ३८.३ गुण. मी हा आकडा कितीदा वाचला असेन, तरी दर वेळी पुन्हा तपासून बघावासा वाटतो.

१४ एप्रिल १९६२. बोस्टन गार्डन. अंतिम मालिका दोन-दोन अशी बरोबरीत. समोर बोस्टनचा बिल रसेल, या खेळानं पाहिलेला बहुधा सगळ्यात मोठा बचावपटू. रसेलच्या डोळ्यांदेखत, त्याच्या घरच्या कोर्टवर बेलरनं त्या रात्री ६१ गुण काढले आणि वर २२ रिबाउंड. लेकर्स जिंकले. तीन-दोन. अजिंक्यपद एका सामन्यावर आलं. अंतिम मालिकेच्या एका सामन्यात ६१ गुण, हा विक्रम आजही कुणाला मोडता आलेला नाही. जॉर्डनलाही नाही, कोबी ब्रायंटलाही नाही.

सहावा सामना लेकर्स घरच्या मैदानावर हरले. सातवा पुन्हा बोस्टनला, १८ एप्रिलला.

[दृश्य : घड्याळाचा काटा. आवाज बंद.]

शंभर-शंभर. पाच सेकंद बाकी. चेंडू लेकर्सकडे. बास्केट झाली तर अजिंक्यपद. बेलरवर आणि लेकर्सचा दुसरा हुकमी खेळाडू जेरी वेस्ट याच्यावर पहारा एवढा कडक की चेंडू गेला फ्रँक सेल्वीकडे. हा सेल्वी साधा गडी नव्हे. १९५४ साली फर्मन विद्यापीठाकडून खेळताना त्यानं एका सामन्यात शंभर गुण काढले होते. कडीच्या डाव्या अंगाला, अगदी हाताशी आलेली जागा. तो उडाला. चेंडू कडीला लागला.

आणि बाहेर पडला.

रसेलनं तो झेलला. त्या सामन्यात त्याचे ४० रिबाउंड झाले, त्यातला हा एक. जादा वेळेत बोस्टन ११० विरुद्ध १०७ असं जिंकलं. बेलरचे ४१ गुण, २२ रिबाउंड. त्याच्या हातून काय राहिलं होतं, सांगा. हातातोंडाशी आलेला घास त्या लोखंडी कडीनं हिरावून नेला. सेल्वीनं नंतर म्हटलं होतं की त्या एका बास्केटसाठी मी माझे सगळे गुण देऊन टाकीन. ते ऐकलं की मला त्या माणसाचा राग येत नाही. उलट पोटात तुटतं.

पुढच्या वर्षी पुन्हा बोस्टन, पुन्हा हार. १९६५ च्या प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांमध्ये, बाल्टिमोरविरुद्ध पहिल्याच सामन्यात बेलर उडी मारायला गेला आणि गुडघ्याची वाटी फुटली. अंतिम मालिका त्यानं बाहेरूनच पाहिली. डॉक्टरांना तो नीट चालेल की नाही याचीच काळजी होती. तो चाललाच नाही, खेळला. पुढच्या हंगामात सरासरी सोळा-सतरावर आली, तरी संघ पुन्हा अंतिम मालिकेत, पुन्हा सातव्या सामन्यात. बोस्टन ९५, लेकर्स ९३. गुडघा पहिल्यासारखा कधीच झाला नाही. उडी कमी झाली. त्यानं खेळ बदलला आणि पुढे पुन्हा सामन्यामागे पंचविसाच्या आसपास गुण काढू लागला.

मग आलं १९६९. वेस्ट आणि बेलर होतेच, आता विल्ट चेंबरलेनही लेकर्सकडे. तीन दिग्गज एका संघात. सातवा सामना घरी, फोरमवर. मालकांनी छताला हजारो फुगे बांधून ठेवले होते, जिंकल्याबरोबर सोडायला. विजयाचा कार्यक्रम छापून तयार होता. रसेल आता बोस्टनचा खेळाडूही होता आणि प्रशिक्षकही. त्यानं तो कागद आपल्या पोरांना दाखवला. वेगळं काही सांगायची गरजच उरली नाही.

शेवटी शेवटी लेकर्स अगदी जवळ आले. तेवढ्यात निसटलेला चेंडू बोस्टनच्या डॉन नेल्सनच्या हातात पडला. त्यानं घाईघाईनं फेकला. चेंडू कडीच्या मागच्या बाजूला आदळला, सरळ वर उसळला, सगळे माना वर करून बघत राहिले, आणि खाली येऊन कडीतून आत गेला. १०८-१०६, बोस्टन. फुगे छतालाच राहिले. हरलेल्या संघातल्या जेरी वेस्टला अंतिम मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू ठरवलं गेलं. हरून तो मान मिळवणारा आजवरचा तो एकटाच. बक्षीस म्हणून मोटार मिळाली, तिचा रंग हिरवा, सेल्टिक्सच्या गणवेशाचा. काही जखमांवर मीठ असंच पडतं.

सेल्वीचा चेंडू कडीला लागून बाहेर, नेल्सनचा कडीला लागून आत. बेलर बोस्टनविरुद्ध तीनदा सातव्या सामन्यात हरला. फरक तीन गुण, दोन गुण, दोन गुण. तीन अंगठ्या आणि तो, यांच्यात एकूण सात गुणांचं अंतर होतं. रसेलनं अकरा अंगठ्या मिळवल्या आणि त्या अकराही त्याच्याच होत्या. पण त्या सात गुणांवरून कुणी बेलरला ‘मोक्याच्या वेळी कमी पडणारा’ म्हणू लागला, तर मी ऐकून घेणार नाही. १९७० मध्ये न्यूयॉर्क निक्सकडून झालेली आठवी हारही सातव्याच सामन्यातली.

[दृश्य : १९७१. बेलर बाकावर. गुडघ्यावर पट्टा.]

१९७०-७१ चा जवळजवळ अख्खा हंगाम पायाच्या दुखापतीत गेला. नंतरच्या हंगामात नवे प्रशिक्षक आले, बिल शार्मन. तेही जुने सेल्टिक. बेलर सदतीस वर्षांचा. नऊ सामने खेळून झाले होते. शार्मन यांना सुरुवातीच्या पाचांत तरुण जिम मॅकमिलियन हवा होता. बेलरनं बाकावर बसून हंगाम ढकलला असता तर कुणी बोट दाखवलं नसतं. तोच संघाचा कर्णधार, त्याच्यामुळे संघ जगलेला. त्यानं नोव्हेंबरच्या सुरुवातीला निवृत्ती जाहीर केली.

५ नोव्हेंबर १९७१ ला, त्याच्याशिवायच्या पहिल्या सामन्यात, लेकर्स जिंकले. दुसरा जिंकले. दहावा जिंकले. विसावा, तिसावा. सलग ३३ सामने. ९ जानेवारीला मिलवॉकीनं अडवेपर्यंत तो संघ हरलाच नाही. हा विक्रमही आजवर कायम आहे. त्या हंगामात ६९ विजय, १३ पराभव, आणि मे महिन्यात निक्सना हरवून लॉस एंजेलिसचं पहिलं अजिंक्यपद.

बेलर गेला आणि संघ जिंकला, म्हणजे तोच अडसर होता, असं काही लोक आजही म्हणतात. मॅकमिलियनचे पाय ताजे होते, संघाला त्या जागी वेग हवा होता, हे खरंच आहे. पण त्याच संघातल्या चेंबरलेनकडे बघा. १९६२ साली सामन्यामागे पन्नास गुण काढणारा हा माणूस त्या वर्षी पंधराच्याही आत राहिला. शार्मन यांनी त्याला रसेलसारखं खेळायला सांगितलं, अडव, रिबाउंड घे, चेंडू पुढे दे. त्यानं ते ऐकलं. एकानं गुण सोडले, दुसऱ्यानं जागा सोडली. चेंबरलेनच्या त्यागाचं कौतुक होतं, तो कोर्टवर दिसला म्हणून. बेलरचा कोर्टवर दिसला नाही, एवढाच काय तो फरक.

वेस्टला अखेर त्याची एक अंगठी मिळाली. गंमत अशी की त्या अंतिम मालिकेत त्याचे फटके नीट पडतही नव्हते. आयुष्यभर जीव तोडून खेळला तेव्हा हरला, आणि सगळ्यात वाईट खेळला तेव्हा जिंकला.

लेकर्सनी त्या वर्षीची एक अंगठी बेलरलाही दिली. सलग तेहतीसपैकी एकाही सामन्यात तो नव्हता, प्लेऑफमध्येही नव्हता. अंगठ्या मोजणारे ती धरत नाहीत. नियमानं बरोबरच असेल. पण ती देताना संघातल्या लोकांना काय मोजायचं होतं, ते त्यांना ठाऊक होतं.

[दृश्य : लॉस एंजेलिस. लेकर्सच्या घरच्या, तेव्हाच्या स्टेपल्स सेंटरबाहेरचा चौक.]

६ एप्रिल २०१८ ला इथे त्याचा ब्राँझचा पुतळा उभा राहिला. बेलर तेव्हा त्र्याऐंशी वर्षांचा होता. अनावरणाला आला होता, वेस्टही आला होता. त्यानंतर तीन वर्षांनी, २२ मार्च २०२१ ला बेलर गेला.

कॅमेरा खालून वर न्या. अंगावर बावीस नंबरचा गणवेश. चेंडू हातात. दोन्ही पाय जमिनीपासून सुटलेले.